इन्स्टॉलरला डिस्क रिकामी दिसते तेव्हा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंदूरमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून देण्याची मागणी एकदम वाढली. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पण टॅलीतले हिशेब आणि जुन्या मराठी फॉण्टमधली कागदपत्रे यांच्यासाठी विंडोज काढूनही टाकता येत नाही. म्हणजे एकाच डिस्कवर दोघांचा संसार थाटणे आले. यात काही अडले की लोक लिनक्सला नावे ठेवतात. मला मात्र बहुतेक वेळा कारण सापडते ते त्या डिस्कच्या जुन्या विभागणीत. ती विभागणी नीट वाचल्याशिवाय इन्स्टॉलरमधले (सिस्टिम बसवणाऱ्या प्रोग्राममधले) कोणतेही बटण दाबू नये, या मताचा मी आहे.

सुदामा नगरातल्या एका काकांनी स्वतःच पेन ड्राइव्ह तयार करून इन्स्टॉलर सुरू केला होता. पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांच्या, पडद्यावर त्यांना ५०० जीबीची संपूर्ण डिस्क एकाच करड्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसली. “अरे, यात काहीच नाही म्हणतोय हा; मग माझी टॅली गेली कुठे?” असे त्यांनी फोनवर विचारले. “काका, पुढे काही दाबू नका, पेन ड्राइव्ह काढा आणि विंडोज सुरू होते का तेवढे आधी बघा,” असे मी सांगितले. विंडोज व्यवस्थित सुरू झाले. सी, डी आणि ई जागच्या जागी होते.

असे होण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत पार्टिशनची मुख्य नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते. नव्या जीपीटी पद्धतीत ती नोंद डिस्कच्या सुरुवातीला असतेच, शिवाय तिची एक प्रत डिस्कच्या अखेरच्या सेक्टरांमध्येही ठेवलेली असते, आणि पहिल्या सेक्टरमध्ये ‘ही डिस्क जीपीटीची आहे’ असे सांगणारी एक राखणदार नोंद असते. आधी जीपीटी असलेली डिस्क कोणी नंतर एमबीआर करून घेतली आणि त्या वेळी फक्त पहिला सेक्टर नव्याने लिहिला गेला, तर जीपीटीच्या खुणा मागे तशाच राहतात. राखणदार नोंद नसल्यामुळे विंडोज त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, मात्र लिनक्समधली काही साधने त्या खुणांमुळे गोंधळतात आणि सबंध डिस्क रिकामी दाखवतात. काकांच्या लॅपटॉपची डिस्क दुरुस्तीच्या वेळी बदललेली होती, ती कुठल्या तरी दुसऱ्या यंत्रातून आलेली असणार.

अशा वेळी फिक्सपार्ट्स हे छोटे साधन उपयोगी पडते. ते सुरू होताच जीपीटीच्या उरलेल्या खुणा सापडल्याचे सांगते आणि त्या पुसू का, असे विचारते. इथे ‘वाय’ दाबले की पुसण्याचे काम त्याच क्षणी होते, नंतर ‘सेव्ह’ करण्याची वाट ते पाहत नाही. तेव्हा आपण योग्य डिस्क निवडली आहे ना, हे क्षमता वाचून आधीच ताडून घ्यावे आणि महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवाव्यात.

रिकाम्या पट्टीमागे दुसरेही कारण असू शकते. दोन पार्टिशनच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतील, किंवा शेवटच्या पार्टिशनची हद्द डिस्कच्या बाहेर गेलेली असेल, तरीही चित्रात सगळे रिकामेच दिसते. चित्र कारण सांगत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, पार्टेड हे विभागणी वाचणारे साधन चालवले की ते एका ओळीत स्पष्ट येते. म्हणून मी नेहमी आधी टर्मिनल उघडतो.

डिस्क रिकामी न दिसता यादीतच नसेल, तर प्रकरण वेगळे असते. तेव्हा पार्टिशनशी झगडण्यात अर्थ नाही, कारण इंटेलच्या काही यंत्रांवर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या पद्धतीवर ठेवलेले असते आणि ते ‘एएचसीआय’ या साध्या पद्धतीवर आणल्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. मात्र हा बदल थेट केला तर विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर थांबू शकते. त्यावर उपाय असा की, आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग हे सेटिंगचे साधन उघडून सेफ बूट निवडावे, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करावे; विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊन योग्य ड्रायव्हर उचलते, आणि त्यानंतर सेफ बूटची खूण काढून टाकता येते. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हातही लावू नये.

इन्स्टॉलरमध्ये मोकळ्या जागेपुढे ‘अनयुजेबल’ हा शब्द दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. एमबीआरमध्ये नोंदींसाठी ६४ बाइटच असतात आणि एका नोंदीला १६ लागतात, त्यामुळे चारच प्रायमरी पार्टिशन मावतात. ती चारही भरली की उरलेली जागा असून नसल्यासारखी होते. पाचवे पार्टिशन विंडोजमधूनच करायला गेल्यास ते डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याचा पर्याय पुढे करते. तो नाकारावा, कारण त्यानंतर लिनक्सचा इन्स्टॉलर त्या डिस्कवर नीट काम करत नाही. सरळ मार्ग म्हणजे ई किंवा एफमधला मजकूर हलवून ते एक पार्टिशन मोकळे करणे आणि त्या जागी एक्स्टेंडेड, म्हणजे पोटात आणखी पार्टिशन मावणारे, पार्टिशन करणे.

नव्या यंत्रांवर मल्टिबूटचा, म्हणजे एका यंत्रावर अनेक सिस्टिम ठेवण्याचा, घोळ बहुधा बूटच्या पद्धतीत असतो. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ (बूटची नवी पद्धत) लावून. विंडोज ज्या पद्धतीने बसवलेले आहे तीच नोंद निवडावी. बूटच्या फायलींचे ईएफआय पार्टिशन मात्र कधीही फॉरमॅट करू नये, कारण त्यात प्रत्येक सिस्टिमचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि नवा इन्स्टॉलर आपला फोल्डर शेजारी मुकाट्याने ठेवतो.

तिसरी सिस्टिम बसवताना एक गमतीचा त्रास होतो. दुसरे लिनक्स बसवताना इन्स्टॉलर आधीचेच स्वॅप पार्टिशन (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची जागा) नव्याने फॉरमॅट करतो आणि त्याचा यूयूआयडी हा ओळख क्रमांक बदलतो. मग पहिले लिनक्स सुरू होताना जुन्या ओळखीचे स्वॅप शोधत दीड मिनिट पडद्यावर मोजणी करत बसते आणि शेवटी त्याच्याविना पुढे जाते. डिस्क बिघडली असे समजून ती बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. पहिल्या लिनक्समध्ये एफएसटॅब ही पार्टिशनच्या यादीची फाइल उघडून जुना यूयूआयडी काढावा आणि ब्लकआयडी या कमांडने मिळणारा नवा लिहावा. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र बंद करणे) वापरत असाल तर रिझ्यूमच्या सेटिंगमध्येही तोच बदल करावा लागतो.