आमची वाटचाल : सहा तंबोरे आणि चार शहरं

आमच्या वडिलांचं सांगलीत मंडप आणि कर्ण्यांचं दुकान होतं. लग्न, सत्यनारायण, गणपती, निवडणूक, ज्याला आवाज लागेल त्याला वडील कर्णे भाड्याने द्यायचे. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत 2003 साली मी आमची फर्म सुरू केली. काम एकच: ध्रुपद ही शास्त्रीय संगीतातली जुनी गायकी, रुद्रवीणा हे तंतुवाद्य आणि पखवाज यांचे महोत्सव भरवायचे. वडील म्हणाले, "अरे, कर्ण्याला गिऱ्हाईक आहे, तुझ्या ध्रुपदाला कोण आहे?" मी म्हटलं, दीडशे माणसं आहेत. ते म्हणाले, "दीडशे माणसांचा मंडप मी घालत नाही, परवडत नाही."

त्यांचं गणित चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. सांगलीत दीडशे आहेत, तसे नागपुरात दीडशे आहेत, इंदुरात आहेत, ग्वाल्हेरला आहेत. एका गावात उभं राहून पाहिलं तर ऐकणारा नाहीच असं वाटतं. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला हजारो माणसं बसतात, पण ती 1953 पासूनची पुण्याई आहे आणि ख्यालाचा, म्हणजे आज जास्त गायल्या जाणाऱ्या गायकीचा, श्रोता मोठा आहे. आमचा श्रोता एवढ्या मोठ्या देशात मूठमूठ विखुरलेला. तो आपल्याकडे येणार नाही, आपणच त्याच्याकडे जायचं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही चार शहरांत जातो. ग्वाल्हेरला तानसेन समारोह असताना तुम्ही कशाला, असं मला अनेकदा विचारतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आमच्या भागात आणली. त्या गावाला आमच्याकडून काही परत जायला नको का?

पहिला आधार मिरजेच्या चाचांचा. तंबोऱ्यांच्या गल्लीत त्यांचा कारखाना, म्हणजे दहा बाय बाराची खोली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मधे चाचा मांडीवर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घेऊन कानस चालवत बसलेले. त्यांनी मला सहा तंबोरे दिले, चार मर्दानी, म्हणजे पुरुषांच्या खालच्या सुराचे, आणि दोन जनानी, बायकांच्या चढ्या सुराचे. पैसे मागितले नाहीत. नफ्यात चार आणे द्या म्हणाले. नफा पाच वर्षं झाला नाही, चाचांनी विषय काढला नाही. कागदोपत्री ते भागीदार कधीच नव्हते. मी मात्र त्यांना भागीदारच म्हणतो.

जवारी म्हणजे घोडीच्या बारीक उतारावर तार टेकून तंबोऱ्याला येणारी भरलेली झंकार. प्रवासात तिचं काय होतं ते सांगायलाच हवं. नागपूरच्या कोरड्या थंडीत लावलेला तंबोरा दमट हवेच्या गावी नेला की लाकूड हवा पितं, घोडीचा उतार केसभर बदलतो आणि जो स्वर फुलासारखा उघडत होता तो मिटतो. मग तारेखालचा दोरा केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. तेवढ्याने भागलं नाही तर तार उतरवून कानस. म्हणून पहिली बारा वर्षं चाचा प्रत्येक दौऱ्यात बरोबर होते. बिदागी कमी-जास्त झाली तरी कलावंत समजून घेतो. मिटलेल्या जवारीवर षड्ज लावायला कोणी तयार होत नाही, होऊही नये.

आम्ही मिरजेहून गोवा एक्सप्रेसने जातो. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी आणि मग ग्वाल्हेर. रस्त्याने 1,300 किलोमीटरच्या पुढे जातं आणि टेम्पोच्या धक्क्यांनी भोपळे तडकतात, म्हणून रेल्वेच. तंबोऱ्याचा भोपळा बर्थखाली मावत नाही. तारा सैल करायच्या, गोधडीत गुंडाळायचं आणि एका वरच्या बर्थवर दोन तंबोरे उलटसुलट निजवायचे. सहा तंबोऱ्यांना तीन बर्थ. ज्यांच्या नावावर ते बर्थ असतात ती आमची तीन पोरं खाली अवघडून बसून सव्वा दिवस काढतात. नवीन आयोजकांना सांगतो, विमानाच्या मोहात पडू नका. सामानाच्या पट्ट्यावर भोपळा आणि सुटकेस यांत कोणी फरक करत नाही.

याच गाडीमुळे आम्हाला भुसावळचे गार्डसाहेब मिळाले. रेल्वेतून निवृत्त झालेले. 2005 साली नागपूरला पहिल्यांदा आले, रुद्रवीणा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "पुढचं गाव कोणतं?" तेव्हापासून चारही शहरांत ते हजर. त्यांच्यासाठीच आम्ही चार शहरांचं साखळी तिकीट काढलं. आमची गाडी भुसावळला थांबली की ते फलाटावर उभे असायचे. हातात डबा, त्यात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. डबा आत देण्याआधी खिडकीतून वरचे बर्थ बघायचे आणि मोठ्याने मोजायचे, "एक, दोन, तीन... सहा. ठीक आहे, जाऊ द्या." गार्डाचीच सवय ती. सहा मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

मधली वर्षं नीट गेली.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली तेव्हा माझ्या कपाटात 2,40,000 रुपये होते. सगळे 500 आणि 1,000 चे. सांगलीचा महोत्सव 25 तारखेला होता. आमच्या धंद्यात निम्म्याहून जास्त व्यवहार रोखीचा. मंडपवाला, जनरेटरवाला, चहावाला, हमाल, आचारी, कोणाचंही खातं धनादेशावर चालत नाही. कपाटातले पैसे बँकेत भरले, पण चालू खात्यातून आठवड्याला 50,000 च काढता येत होते आणि तेवढी रोकड शाखेत असेल तर. आमचे देणगीदार म्हणजे सांगलीच्या पेठेतले हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. सौदेच थंडावले, तिथे देणगी कोणाकडे मागायची? एका मोठ्या प्रायोजकाने शब्द दिला होता. त्याच्या साहेबांनी 14 तारखेला फोन उचलणं बंद केलं.

मी त्या वेळी महोत्सव रद्द करायला हवा होता असं माझे मेहुणे अजून म्हणतात. मी केला नाही. वडिलांचे मंडपाचे लोखंडी पाईप आणि टेम्पो विकला. सांगली झालं, नागपूर झालं. इंदूर रद्द करावं लागलं, ती सल आजही आहे. ग्वाल्हेरला निघालो तेव्हा परतीची तिकिटं काढलेली नव्हती. भुसावळला गाडी थांबली. गार्डसाहेबांनी डबा दिला, बर्थ मोजले आणि डब्याच्या फडक्यातून एक पाकीट काढलं. त्यांनी रेल्वे कॉलनीत फिरून अकरा माणसांची पुढच्या वर्षाची साखळी तिकिटं खपवली होती. 13,200 रुपयांचा धनादेश. त्यातल्या सहा जणांनी ध्रुपद आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रोख नाही मिळाली, माफ करा."

त्या हंगामात आम्हाला सहा लाखांचा खड्डा पडला. कलावंतांची बिदागी हप्त्याहप्त्याने फेडली. एका ज्येष्ठ गायकांनी माझा धनादेश मार्चपर्यंत वटवलाच नाही. 2018 च्या गुढीपाडव्याला शेवटचा हप्ता दिला आणि त्या दिवशी आमच्यावर कोणाची एक दमडी बाकी राहिली नाही. हे मी अभिमानाने सांगतो. हा धंदा करणाऱ्या किती जणांना असं सांगता येतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

त्याच वर्षी मुंबईची एक मोठी इव्हेंट कंपनी आमच्याकडे आली. त्यांना नागपुरात "राष्ट्रीय" महोत्सव करायचा होता, आपण भागीदारीत करू म्हणाले. दोन बैठका झाल्या. आमच्याकडे श्रोत्यांच्या वह्या आहेत. कोण कधी आलं, कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, कोणाला सकाळचं सत्रच आवडतं, सगळं 2003 पासून हाताने लिहिलेलं. विश्वासाने त्यांना नागपूरची वही दाखवली. त्यांच्या पोराने मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले, मी बघत होतो आणि मला काही वाटलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला की भागीदारी जमणार नाही. महिन्याने जाहिरात लागली. तारखा आमच्या, सभागृह आम्ही दरवर्षी घेतो तेच, आणि आमच्या वहीतल्या प्रत्येकाला फोन.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. आम्ही ज्यांना पहिलं व्यासपीठ दिलं त्या चार कलावंतांना त्यांनी तिप्पट बिदागी दिली. कलावंतांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरी चूल आहे. पण ध्रुपदाला चाळीस मिनिटं? आलाप, जोड, झाला आणि मग पद, हे ध्रुपदाचे सगळे टप्पे चाळीस मिनिटांत बसवायचे म्हणजे पंगतीत पहिला घास घेताच पान उचलायचं. मागे भला मोठा एलईडी पडदा. त्याचा आणि जनरेटरचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, ध्वनिक्षेपकातून येत होता. झिया मोहिउद्दीन डागर यांनी रुद्रवीणेचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली, ती खर्जातला खोल, लांब आवाज मिळावा म्हणून. अर्थिंग नीट नसेल तर 50 हर्ट्झचा हम नेमका त्याच खोलीत जाऊन बसतो आणि खर्ज गिळतो. आम्ही वीणेला दोनच कंडेन्सर माईक लावतो, घोडीपासून हातभर लांब, आणि आवाज एवढाच ठेवतो की शेवटच्या रांगेतल्या माणसाने थोडं पुढे झुकावं. झुकला की तो ऐकायला लागतो. हे कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्यांच्या महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मला फोन आला. पखवाजवादक विंगेत बसलेले, बायांला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज खोल यावा म्हणून लावायला कणीक नाही आणि आयोजकांना कणीक कशाला लागते हेच माहीत नाही. मी तेव्हा नागपुरातच होतो, आमच्या एका श्रोत्याच्या घरी. त्या घरच्या वहिनींनी कोमट पाण्यात पोळीपेक्षा थोडी सैल कणीक भिजवली, मुठीएवढा गोळा ओल्या फडक्यात बांधला आणि मी स्वतः स्कूटरवरून नेऊन दिला. पखवाजाचं काही वैर नाही माझ्याशी. तिथेच त्यांच्या व्यवस्थापकांनी विचारलं, तंबोरे आहेत का, आमचं इलेक्ट्रॉनिक यंत्र गायकांना चालत नाहीये. मी दोन तंबोरे दिले. परत आले तेव्हा एका मर्दानीच्या भोपळ्याला वीतभर तडा होता.

दोन वर्षांनी त्यांनी महोत्सव बंद केला, "प्रतिसाद नाही" म्हणून. तोपर्यंत नागपूरची आमची निम्मी माणसं तुटली होती. चाळीस मिनिटांचं ध्रुपद ऐकून त्यांना वाटलं, हे असंच असतं. मग टाळेबंदी आली, सगळ्यांचंच बंद पडलं, त्याबद्दल वेगळं काय सांगू. नागपुरात आत्ता पुन्हा एकशे दहा माणसांपर्यंत आलो आहोत.

नव्याने उतरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. उघड्या अंगणात कराल तर रात्री दहाला आवाज बंद, हे धरूनच राग ठरवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते, पण ते दिवस सणावारातच संपतात, बीनकाराच्या, म्हणजे रुद्रवीणा वाजवणाऱ्याच्या, वाट्याला एकही येत नाही. बंद सभागृहाला ती अडचण नाही, पण तिथे भाडं आहे. आम्ही म्हणून पहाटे सहाचं सत्र सुरू केलं. ललत आणि भैरव ऐकायला लोक शाल पांघरून येतात, आणि ज्यांनी हे राग आजवर ध्वनिफितीवरच ऐकले होते त्यांचे चेहरे त्या वेळी बघावेत. दुसरं, आमची तिकिटं 500 च्या आत, म्हणून त्यांवर जीएसटी नाही. ऐकायला छान वाटतं, पण सभागृह, मंडप, साउंड यांवर आपण भरलेला 18 टक्के मग परत वळता होत नाही, तो खर्चातच धरा. एका सत्रात दोनपेक्षा जास्त कलावंत ठेवू नका. आणि निम्मी बिदागी कलावंत घरातून निघण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे. आधी नाही म्हणजे नंतरही नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

गार्डसाहेब 2021 मध्ये गेले. चाचांचे डोळे आता कानशीला साथ देत नाहीत, त्यांचा नातू दौऱ्यावर येतो, हात चांगला आहे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे तीन वरचे बर्थ एका डब्यात मिळवायला पोरं सकाळी आठच्या ठोक्याला तीन मोबाइल घेऊन बसतात.

तडा गेलेला भोपळा चाचांनीच जोडला होता, आतून कापडाची पट्टी आणि बाहेरून लाखेचा लेप. जोड हाताला लागतो. आवाज पहिल्यापेक्षा किंचित जड झाला आहे, आणि खालच्या पट्टीत गाणारे दोन गायक आता तोच तंबोरा मागतात. दुरुस्तीचं बिल 7,500 रुपये झालं. ते मी त्या कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर दर एप्रिलला टपालाने पाठवतो. या एप्रिललाही पाठवलं.