अर्ध्यावर तुटलेले गोदाम : योकोहामाच्या लाल विटांच्या वखारी

माझे वडील मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षे टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेली पोती, पेट्या आणि गाठी मोजून त्यांची नोंद करायची, गोदामात किती माल गेला आणि किती बाहेर पडला याचा ताळा रोज संध्याकाळी जमवायचा, असे त्यांचे काम होते. लहानपणी दोन-तीन वेळा त्यांच्याबरोबर गोदीत गेल्याचे मला आठवते. उंच छप्पर, अंधार, गुळाचा आणि तागाच्या पोत्यांचा मिसळलेला वास आणि हमालांच्या हातातले लोखंडी आकडे एवढेच त्यातले मनात राहिले आहे. ते गोदाम पुढे पाडले गेले आणि त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. म्हणून भाच्याकडे जपानला जायचे ठरले, तेव्हा तोक्योतली देवळे आणि बागा पाहण्याआधी मला योकोहामा बंदरावरची लाल विटांची जुनी गोदामे पाहायची होती. जपानी लोक त्यांना ‘अकारेंगा सोको’ म्हणतात. ‘अकारेंगा’ म्हणजे लाल वीट आणि ‘सोको’ म्हणजे गोदाम.

तोक्योहून गाडीने पाऊण तासाच्या आत साकुरागिचो स्टेशन येते. १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा अशी जपानची पहिली रेल्वे सुरू झाली, तेव्हा योकोहामाचे मूळ स्टेशन याच जागी होते. स्टेशनाबाहेर पडल्यावर डावीकडे २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर दिसतो आणि समोर पाण्यावरून जाणारी पायवाट सुरू होते. तिचे नाव किशामिची, म्हणजे आगगाडीची वाट. बंदरात माल नेणारी रेल्वे १९११ पासून या वाटेने धावत असे. ती बंद पडल्यानंतर रूळ उखडून भंगारात न घालता त्यांच्या मधली आणि बाजूची जागा फळ्यांनी व फरसबंदीने भरली आणि १९९७ साली ही वाट पादचाऱ्यांसाठी खुली केली. वाटेतले जुने लोखंडी पूलही जागेवर ठेवले आहेत. त्या रुळांच्या कडेने चालताना आपण एखाद्या बागेत नव्हे, तर बंदराच्या जुन्या कामाच्या वाटेवर आहोत, याची जाणीव पावलोपावली होत राहते. गोदामापर्यंत पोहोचण्याचे इतरही रस्ते आहेत, पण प्रथमच जाणाऱ्याने याच वाटेने जावे.

गोदामे लांबूनच दिसतात. समुद्राला लागून मोकळे पटांगण आणि त्यात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन तीन-मजली लाल इमारती. मात्र पहिल्याच नजरेला एक गोष्ट खटकते. दोन्हींची रुंदी, उंची आणि घडण एकच, पण एक इमारत १४९ मीटर लांब आहे आणि दुसरी अवघी ७६ मीटर. असे का, याचे उत्तर कळल्यावर पुढचे सगळे बघणेच बदलून गेले.

ही गोदामे जपानच्या अर्थखात्याने जकातीच्या मालासाठी बांधली. परदेशातून आलेला माल कर भरून सुटेपर्यंत ठेवायचा, तो येथे. १८५९ साली परदेशी व्यापाराला खुले झालेले योकोहामा पन्नास वर्षांत एवढे वाढले होते की जुने धक्के आणि जुनी साठवण पुरेनाशी झाली. तेव्हा समुद्रात भराव घालून शिन्को हा नवा धक्का उभारला गेला आणि त्यावर ही गोदामे आली. दोन क्रमांकाचे गोदाम १९११ मध्ये आणि एक क्रमांकाचे १९१३ मध्ये पुरे झाले. त्यांचा वास्तुरचनाकार त्सुमाकी योरिनाका हा सरकारी इमारती बांधणारा त्या काळातला मोठा माणूस होता. ज्या वर्षी योकोहामा बंदर खुले झाले त्याच वर्षी त्याचा जन्म झाला. त्याचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि पुढे तो जर्मनीतही राहून आला.

त्सुमाकीने जे केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. १८९१ साली जपानच्या मध्य भागात नोबी येथे प्रचंड भूकंप झाला आणि पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या विटांच्या इमारती मोठ्या संख्येने ढासळल्या. वीट वरून येणारा भार उत्तम पेलते, पण बाजूने बसणाऱ्या हिसक्यापुढे तिचे काही चालत नाही; सांधे सुटतात आणि भिंत उभीच्या उभी कोसळते. त्यामुळे त्याने या गोदामांच्या भिंतींत विटांच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या आडव्या घातल्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या कोठेच दिसत नाहीत. दोन क्रमांकाच्या एकट्या इमारतीला तीस लाखांहून अधिक विटा लागल्या, आणि त्या विटांच्या पोटात हा लोखंडाचा पट्टा दडलेला आहे. शिवाय आगीपासून बचाव म्हणून लोखंडी दारे आणि पाण्याचे फवारे होते, आणि मालाच्या चढउतारासाठी अमेरिकेहून आणवलेला उद्वाहक होता. जपानमधला मालवाहतुकीचा तो पहिला उद्वाहक मानला जातो. एका गोदामासाठी एवढी काळजी घेतलेली पाहून मला फार बरे वाटले. आपल्याकडे गोदाम म्हटले की चार भिंती आणि पत्रा एवढेच डोळ्यांपुढे येते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना कान्तोचा भूकंप झाला. योकोहामा शहर जवळजवळ सगळे पडले आणि जे पडले नाही ते पाठोपाठ लागलेल्या आगीत जळाले. तोक्योच्या आसाकुसातला विटांचा बारा मजली मनोरा अर्ध्यातून मोडला. शिन्को धक्क्यावरचे दोन क्रमांकाचे गोदाम मात्र मोठी इजा न होता उभे राहिले, आणि एक क्रमांकाच्या गोदामाचा सुमारे अर्धा भाग ढासळला. पट्ट्यांनी राखली ती भिंत राहिली. त्सुमाकीला हे पाहायला मिळाले नाही. तो १९१६ सालीच वारला होता. या भूकंपानंतर जपानमध्ये मोठ्या इमारतींसाठी विटांचे बांधकाम जवळपास थांबले आणि सिमेंट-काँक्रीटचा काळ सुरू झाला. त्यामुळे ही गोदामे त्या देशातल्या विटांच्या कारागिरीच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी ठरली.

दुरुस्ती करणाऱ्यांनी पडलेला अर्धा भाग पुन्हा बांधला नाही. उरलेल्या भागाचे उघडे पडलेले टोक बंद केले, आतून भक्कम केले, आणि १९३० साली अर्धे गोदाम पुन्हा कामाला लावले. मी त्या टोकाशी बराच वेळ उभा राहिलो. जुन्या विटेच्या कडा पावसापाण्याने आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गोलसर झाल्या आहेत, काही ठिकाणी तिचा रंग काळपट, काही ठिकाणी जांभळट आहे, आणि विटांचे सांधे भरलेल्या जागी बोट फिरवले तर बोटाला बारीक वाळू लागते. ‘येथपर्यंत राहिले आणि येथून पुढे पडले’ ही गोष्ट ती इमारत आपल्या लांबीतूनच सांगते. त्यासाठी वेगळ्या स्मारकाची गरज नाही.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याने ही गोदामे ताब्यात घेतली आणि १९५६ पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. पुढे काही वर्षे बंदर पुन्हा जोरात चालले, पण सत्तरच्या दशकात सगळा माल कंटेनरमधून येऊ लागला. कंटेनर जहाजावरून उचलायचा आणि थेट ट्रकवर ठेवायचा, म्हटल्यावर तीन मजल्यांच्या वखारीचे काम काय उरणार? हीच कहाणी मी वडिलांकडून मुंबईच्या संदर्भात ऐकली आहे. न्हावा-शेवा बंदर झाले आणि गोदीतली वर्दळ ओसरली. १९८९ साली योकोहामाची गोदामे बंद झाली.

फरक पडतो तो येथून पुढे. १९९२ मध्ये योकोहामा महापालिकेने सरकारकडून ही गोदामे घेतली आणि दुरुस्तीला दहा वर्षे दिली. आधी छप्पर आणि भिंतींचे मजबुतीकरण झाले, आणि मग आतल्या वापराचा विचार झाला. आतली रचना आराई चिआकी या वास्तुरचनाकाराच्या हाती होती. एप्रिल २००२ मध्ये गोदामे लोकांसाठी उघडली. दोन क्रमांकात दुकाने आणि खाणावळी, एक क्रमांकात प्रदर्शने आणि वरच्या मजल्यावर नाटक व संगीतासाठी सभागृह, अशी वाटणी त्यांनी केली. युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा पुरस्कार या कामाला २०१० साली मिळाला. याच मालिकेतला पुरस्कार भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ साली मिळालेला आहे, म्हणजे आपल्याला हे काम जमत नाही असे मुळीच नाही.

आत गेल्यावर मी आधी वर पाहिले. छताला पन्हाळीदार लोखंडी पत्रे कमानीसारखे वाकवून बसवले आहेत आणि त्यांच्यावर मजल्याची जमीन तोललेली आहे. जुन्या मुंबईतल्या तुळयांमधल्या विटांच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. लोखंडी दारे आता बंद होत नाहीत, पण ती काढून टाकलेली नाहीत. त्यांच्यावरचे रिव्हेट, गंजाचे पापुद्रे आणि मालाच्या धक्क्यांनी पडलेले पोचे तसेच आहेत. जे नवे घातले ते पोलाद आणि काचेचे घातले, आणि ते नवे आहे हे पाहताक्षणी कळते. जुन्यासारखे दिसणारे नवे बनवण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. आपल्याकडे वाड्याचे हॉटेल होते तेव्हा नव्या खांबांना जुनेपणाचा रंग फासला जातो आणि मग खरे लाकूड कोणते आणि खोटे कोणते हेच कळेनासे होते.

तरीही सगळेच मनाला पटले असे नाही. दोन क्रमांकाच्या इमारतीत सुगंधी साबण, बिस्किटांचे डबे आणि भेटवस्तू यांची इतकी गर्दी आहे की खालच्या मजल्यावर काही ठिकाणी भिंत दिसतच नाही. याच मजल्यांवर तंबाखूची पाने, लोकर, परदेशी मद्य आणि खाद्यपदार्थ येऊन पडत असत. त्या मालाविषयी आणि तो उचलणाऱ्या माणसांविषयी मला आणखी वाचायला मिळायला हवे होते. इमारतीची माहिती पुष्कळ आहे, हमालांची थोडी. मात्र दुकानांच्या भाड्यावर इमारतीचा खर्च निघतो आणि ती रोज झाडली-पुसली जाते, हेही खरे. परळ-लालबागच्या गिरण्यांची चिमणी तेवढी शोभेला ठेवून बाकीच्या जागेवर उभे राहिलेले मनोरे पाहत आलेल्या माणसाला साबणाच्या दुकानाबद्दल फार तक्रार करता येत नाही.

दुपारी मी बाहेरच्या पटांगणात आलो. गोदामांच्या जवळच बंदर स्टेशनचा जुना फलाट राखून ठेवला आहे. १९२० पासून जहाज सुटण्याच्या दिवशी तोक्योहून उतारूंची गाडी थेट येथवर येत असे. शेजारी जकात कचेरीचा पाया आहे. कचेरी भूकंपाच्या आगीत गेली आणि तिचा पाया बाग करताना जमिनीखाली सापडला. तेथून किनाऱ्याने चालत गेले की यामाशिता बाग लागते. भूकंपात पडलेल्या शहराचा राडारोडा समुद्रात लोटून ही बाग केली आहे. तिच्या एका कोपऱ्यात घुमटाचे छत असलेले एक पाणपोईवजा कारंजे आहे. भूकंपात योकोहामाच्या लोकांनी तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याची कृतज्ञता म्हणून आणि मेलेल्यांच्या स्मरणार्थ त्या व्यापाऱ्यांनी ते १९३९ साली बांधून शहराला दिले. त्याआधी कितीतरी वर्षे मुंबई आणि जपान यांची गाठ कापसाने बांधली होती. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन कंपनीने मुंबईची जहाजसेवा सुरू केली, ती मुख्यतः आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी.

त्या जुन्या फलाटाच्या कडेला बसून मी डोंबिवलीला वडिलांना फोन केला. योकोहामात दुपारचे अडीच वाजले होते, म्हणजे घरी सकाळचे अकरा. मी कॅमेरा फिरवून त्यांना दोन्ही इमारती दाखवल्या. वय ८४, नजर अधू, पण त्यांनी पहिल्यांदा विचारले, “छप्पर गळत नाही ना?” मग दरवाज्यांची रुंदी विचारली. दोन हमाल पाठीवर गाठ घेऊन समोरासमोर आले तर अडकणार नाहीत ना, हे त्यांना हवे होते. मी दारात उभा राहून दोन्ही हात पसरून दाखवले, तेव्हा ते समाधानाने “हं” म्हणाले.

मग मी त्यांना भूकंपाची हकीकत सांगितली आणि तुटलेले टोक दाखवले.

“अर्धं गेलं म्हणजे अर्धा मालही गेला,” ते म्हणाले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुसऱ्या दिवशी टॅलीला कोण बसलं असेल रे? माल जातो, पण नोंद तर करावीच लागते. आत किती होता, बाहेर किती निघाला, किती गेला. कोणीतरी वही घेऊन त्या ढिगाऱ्यापाशी उभं राहिलं असेल.”

“असेल, बाबा,” मी म्हणालो.

“त्या टोकाचा एक फोटो काढून आण,” ते म्हणाले. “जवळून काढ. विटा दिसल्या पाहिजेत.”

मी परत गेलो आणि विटा दिसतील असा फोटो काढला.