आइसलँडमधली भाड्याची गाडी

आइसलँडला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. तो नऊ दिवसांत स्वतः गाडी चालवून पुरा करायचे आम्ही दोघांनी ठरवले, तेव्हा मला धास्ती होती ती उजव्या बाजूने चालवण्याची. आइसलँडमध्येही २६ मे १९६८ पर्यंत वाहतूक डावीकडूनच होती, हे वाचून उगाच धीर आला होता. प्रत्यक्षात ती बाजू अर्ध्या दिवसात अंगवळणी पडली. डोके खाल्ले ते किल्ली हातात येण्याआधीच्या आणि परत केल्यानंतरच्या कागदांनी.

रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो, मात्र मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. क्रेडिट कार्डही मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. पतींनी आरक्षण त्यांच्या नावाने केले होते आणि गाडी मी चालवणार होते, त्यामुळे केफ्लाविक विमानतळावरच्या काउंटरवर पहिली पंधरा मिनिटे नावे बदलण्यातच गेली.

मग विम्याचा पाढा सुरू झाला. भाड्यात धरलेला विमा नुकसानीची सगळी रक्कम देत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च आपल्याच खिशातून जातो आणि त्यापोटी कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. खडी उडून काचेला तडा गेला तर वेगळा विमा, वाळूने आणि ज्वालामुखीच्या राखेने रंग खरवडला तर आणखी वेगळा. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरी वाकली तर मात्र सहसा कोणताच विमा धावून येत नाही. मी खडीचा घेतला, राखेचा सोडला. काउंटरवरच्या मुलीने भुवई उंचावली, पण ती विकायलाच बसली होती.

गाडी ताब्यात घेताना मी चारही चाके, बंपरच्या खालच्या कडा, काच आणि इंधनाचा काटा यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढली. पती थंडीत कुडकुडत ‘पुरे आता’ म्हणत होते.

पहिल्या दिवशी वळताना दर वेळी दिव्याऐवजी वायपर सुरू होत होता आणि कोरड्या काचेवर करकरत फिरत होता. बाकी नियम स्पष्ट आहेत: वस्तीत ताशी ५० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८०, डांबरी रस्त्यावर ९०, आणि भर दिवसाही हेडलाइट चालू. गोंधळ उडाला तो राजधानी रेकयाविकच्या दोन पदरी वर्तुळाकार चौकात, कारण तेथे आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला बाहेरच्या पदरातल्या गाडीने वाट द्यायची असते. दक्षिणेकडे ‘एइनब्रेइद ब्रू’ म्हणजे एकपदरी पूल लागतात. पुलाच्या जवळ आधी पोहोचेल त्याने जावे, असा तेथला रिवाज. समोरचा चालक हेडलाइट उघडझाप करून थांबला आणि मी हात वर करून पुढे गेले, तेव्हा कुठे आपण येथे गाडी चालवू शकतो असे वाटले. वीक गावापाशी मात्र दार उघडताना दोन्ही हातांनी धरावे लागले, आणि त्यानंतर गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली.

पूर्वेकडच्या एका खडीच्या फाट्यावर समोरून आलेल्या ट्रकने उडवलेला खडा काचेच्या कोपऱ्यात बसला आणि वाटाण्याएवढा टवका उडाला. तो खर्च विम्यात गेला. परत देताना तपासनीस विजेरी घेऊन गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकाच्या रिमवरच्या ओरखड्यापाशी थांबला. मी पहिल्या दिवसाचे छायाचित्र दाखवले. त्याने ते बोटांनी मोठे करून पाहिले आणि काही न बोलता सही केली.

अडकवलेली रक्कम बाराव्या दिवशी मोकळी झाली. त्याच आठवड्यात कार्डावर एक नवी वजावट आली. अकुरेरीजवळच्या वादलाहेइदी बोगद्याला टोलनाका नाही. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि पैसे मुदतीत ऑनलाइन भरायचे असतात. आम्ही गप्पांच्या नादात विसरलो होतो. कंपनीने टोल भरला होता आणि त्यावर स्वतःचे सेवाशुल्क लावले होते, जे टोलपेक्षा जास्त होते.