ई-रीडर घेण्याआधी मी माझ्या फाइली तपासल्या

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचाय म्हटलं की सगळे स्क्रीन आणि बॅटरीचंच सांगतात, मला मात्र एवढंच कळायला हवं होतं की माझी मराठी पुस्तकं त्यावर उघडणार का. म्हणून आधी काय काय जमलंय ते बघितलं. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, ती सगळी पीडीएफ. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेली थोडी ईपब, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येतं अशी ई-पुस्तकाची फाइल. आणि विकत घेतलेली बहुतेक बुकगंगा या ऑनलाइन दुकानाची, जी त्यांच्या अ‍ॅपमध्येच वाचायची, फाइल काढून दुसरीकडे टाकता येत नाही.

मित्राचा किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, मागून आणला आणि बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये वापरून बघितला. ईपब केबलने टाकलं तर तो घेत नाही, पण २०२२ पासून अ‍ॅमेझॉनच्या सेंड टू किंडल या सोयीने इंटरनेटवरून ईपब पाठवता येतं, ते बदलून येतं आणि जोडाक्षरं एकदम स्वच्छ दिसतात. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकंही आहेत. अडलं ते पीडीएफपाशी, सहा इंचात अख्खं पान बसवलं की अक्षर मुंगीएवढं.

मग संगणकावर कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफचं ईपब करायला घेतलं तर काही पुस्तकांचा मजकूर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन आला. कारण असं की युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट सुटला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर मजकूरच नसतो, पानांचे फोटो असतात. प्रकाशकांनी प्लीज युनिकोडमधलं ईपब द्यावं, खूप लोक वाचतील हो!

कोबो हा दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर ईपब थेट वाचतो, अडोबीचं कुलूप (कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं) असलेलंसुद्धा, त्यामुळे मनात भरला होता. पण त्यावर अँड्रॉइड नाही, म्हणजे मराठी दुकानाचं अ‍ॅप टाकता येणार नाही, आणि मी विचारलं त्या दुकानांत तो मिळालाही नाही, मग सोडला.

राहिला बूक्स (Boox) कंपनीचा, कागदासारख्या ई-इंक स्क्रीनचा पण अँड्रॉइडवाला ई-रीडर. मुलुंडला ओळखीच्या काकांकडे आहे, त्यांना म्हटलं काका, माझ्या लॉगिनने बुकगंगाचं अ‍ॅप टाकून बघू का, ते म्हणाले अरे बघ की, आधी चहा घे. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप आलं, माझी विकत घेतलेली पुस्तकं दिसली, तिथेच ठरलं. किंडलचं अ‍ॅपही त्यावर चालतं.

सात इंची घेतला, गर्दीत एका हातात राहतो. किंडलपेक्षा महाग पडला आणि चार्जिंगही लवकर संपतं, शिवाय अ‍ॅपमध्ये पान सरकवलं की आधीच्या पानाची सावली राहते, त्यासाठी अ‍ॅपमधलं पान उलटायचं अ‍ॅनिमेशन बंद करायचं. पीडीएफचे समास कापून यंत्र आडवं धरलं की अक्षर आरामात वाचता येतं.