घामाच्या धारांत नाताळ

आज दुपारी दोन तास लाईट नव्हती. पंखा बंद, उशी घामानं ओली, आणि मी मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या रुडॉल्फ गावात बर्फ तुडवत होते. गाव खरं नाही हं, विकी डेलनी या कॅनडातल्या लेखिकेनं 2015 पासून सुरू केलेल्या रहस्यमालिकेतलं आहे. तिथे बारा महिने नाताळ! नायिका मेरी नाताळच्या भेटवस्तूंचं दुकान चालवते आणि तिचे वडील म्हणजे गावचे सांताक्लॉज. मला आपलं पेण आठवलं. भर मे महिन्यात तिथे अंगणात ओळीनं बसलेले, रंग न दिलेले गणपती.

पहिल्या पुस्तकात बाहेरून आलेला पत्रकार मरतो आणि संशय कशावर, तर जिंजरब्रेडच्या बिस्किटावर! ते बिस्किट मेरीच्या बेकरीवाल्या मैत्रिणीचं. झालं, आता मेरी शोधाला लागणार. पोलीस आहेत म्हणा, पण असल्या पुस्तकांत त्यांच्याआधी दुकानदारीणबाईंनाच सगळं कळतं. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत, चहा मात्र भरपूर. खरं सांगायचं तर खुनी कोण यापेक्षा गावातल्या कुचाळक्यांतच मला जास्त रस. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला बसल्यासारखं वाटतं.

शेवटची चाळीस पानं उरली आणि लाईट आली. लगेच आईची हाक, "मिक्सर लाव गं, चटणी राहिलीये!"

कुणी वाचलं असेल तर खुनी कोण ते खाली लिहू नका. बघून घेईन एकेकाला.