आंबोली ते मंगेशी: पद्मिनीचा लाल दिवा

आंबोलीच्या घाटात लाल दिवा पहिल्यांदा लुकलुकला, तेव्हा बाबांनी काही न बोलता खिशातून डायरी काढली. वेळ, जागा, वेग, रस्ता कसा. मंगेशीला कुलदेवाच्या दर्शनाला निघालो होतो. आमची 1976 ची प्रीमियर पद्मिनी नव्याने उभी केल्यावर तिचा हा पहिलाच लांबचा प्रवास. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा हँडगिअर, सगळं मूळचं. रंग तेवढा ताजा.

बॅटरी चार्ज होत नसली की लागणारा हा चार्जिंगचा दिवा तीन महिने माझा जीव खात होता. गॅरेजवाल्यांच्या सांगण्यावरून वीज तयार करणाऱ्या डायनॅमोचे ब्रश बदलले, तो फिरवणारा पट्टा बदलला, शेवटी बॅटरीही नवी घातली. ऑइलचा दिवा असता तर मी जागच्या जागी इंजिन बंद केलं असतं. तेलाचा दाब गेला की बेअरिंगं संपायला वेळ लागत नाही. चार्जिंगचा दिवा जरा सवड देतो. पण तो लागून तसाच राहिला तर आधी पट्टा बघावा, कारण तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. घाटात उतरून पाहिलं. पट्टा धड होता.

सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवीला गोव्यात शिरलो. पेडण्यानंतरच्या गुळगुळीत हायवेवर दिवा एकदाही लागला नाही. म्हापशात मात्र शुक्रवारचा बाजार भरलेला, मयड्याच्या केळ्यांचे घड रस्त्यापर्यंत आलेले, आणि त्या गर्दीत खड्ड्यांतून हळूहळू जाताना दिवा सारखा लागत-विझत राहिला. बाबांची दोन पानं भरली.

बाजाराच्या मागे एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान सापडलं. मी बदललेल्या पार्टांची यादी सुरू केली, तर त्यांनी हात वर केला.

"बाय, काय बदललंस ते राहू दे. दिवा कधी लागतो ते सांग."

बाबांनी डायरी पुढे केली. काकांनी ती शांतपणे वाचली. खराब रस्ता आणि कमी वेग, नोंदी सगळ्या अशाच. मग त्यांनी इंजिन चालू ठेवायला लावलं आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डायनॅमोची वीज काबूत ठेवणाऱ्या रेग्युलेटर बॉक्सच्या पत्र्याला लावली. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आकडा सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि बॉक्सला बोटाने ढकललं की तो नाचायचा.

"अर्थ नाही मिळत याला." अर्थ म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्यातून वीज बॅटरीकडे परतायची वाट.

त्यांनी एक सुटी वायर घेऊन बॉक्सचा पत्रा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला. डॅशबोर्डवरचा दिवा गप्प. वायर काढून बॉक्स हलवला, पुन्हा लुकलुक. बॉक्सचे दोन स्क्रू काढल्यावर मला कारण डोळ्यांनी दिसलं: खाली आमचा सुंदर नवा रंग, जाड आणि अखंड. बॉक्समधला कटआउट म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणारा स्विच. त्याच्या कॉइलला अर्थ मिळतो तो याच पत्र्यातून. रंगाने तो अडवला होता. स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम मिळायचा आणि धक्का बसला की तुटायचा. कमी वेगात डायनॅमोचा जोर आधीच कमी, मग कटआउट धड चिकटत नव्हता. गाडी देखणी करताना आम्हीच तिची वाट बंद केली होती, आणि मी निर्दोष ब्रश नि बॅटरी फेकत बसले.

काकांनी रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली. राखाडी रंगाखालून पत्रा चमकला. दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळले, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. इथल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा लगेच गंजतो म्हणाले. मीटरवर आता 0.04 व्होल्ट. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मला अवघडल्यासारखं झालं.

पणजीवरून जुने गोवे, मग बाणस्तारीचा पूल. पावसाची सर आली. हेडलाइट, वायपर, दोन्ही चालू, मुद्दाम रस्त्याच्या कडेच्या खडबडीत भागावरून गाडी घेतली. बाबा दिव्याकडे टक लावून बसले होते, पेन उघडून. मंगेशीची दीपमाळ दिसेपर्यंत त्यांनी डायरीत काही लिहिलं नाही.

रात्री मुक्कामी टॉर्च धरून आम्ही दोघांनी मागच्या दिव्यांचे अर्थचे स्क्रू उघडले. दोन्हींच्या खाली तोच रंग.