बुलेट पिकअपमध्ये चढवताना: फळी, क्लच आणि पट्टे

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, म्हणजे आपल्या बोलीतली बुलेट, तिचं वजन १९५ किलो. चार पोरं गोळा करून ती उचलून टेम्पोत टाकता येते, नाही असं नाही. पण उचलणारा हाताला लागेल ते धरतो: इंडिकेटर, सायलेन्सर, मडगार्ड. मग वाकतंही नेमकं तेच. फळी नीट असेल तर तीन माणसांत काम होतं, त्यातला एक फक्त तोल सांभाळायला.

आधी हौदा बघा. छोटा हत्ती स्वस्तात ठरतो, पण त्याचा हौदा जेमतेम सात फुटांचा आणि क्लासिकची लांबी २१४५ मिलिमीटर, म्हणजे सात फुटांवर अर्धा इंच. सरळ उभी केली की फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झडप, लागायचे वांधे. तिरकी मावते, पण मग पुढचं चाक कोपऱ्यात जातं आणि दोन्ही पट्ट्यांना सारखा ताण बसत नाही. स्प्लेंडरला छोटा हत्ती पुरतो, बुलेटला बोलेरो पिकअप सांगा.

हौद्याची उंची अडीच फूट धरली, तर सहा फुटी फळीवर चढ जवळजवळ २५ अंशांचा होतो आणि गाडी वर न्यायला ८० किलोच्या आसपास जोर लागतो. आठ फुटी फळीवर तोच जोर ६० किलोंवर येतो. आखूड फळीचा आणखी एक ताप आहे. पुढचं चाक हौद्यात आणि मागचं फळीवर असताना गाडीचं पोट हौद्याच्या काठाला लागतं; डबल स्टँड सगळ्यात खाली, तो पहिला अडकतो. मग गाडी ना पुढे जाते, ना मागे येते.

फळी लांब करण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे जागा निवडणं. टेम्पो मागे घेत एखाद्या बांधाला किंवा ओट्याला लावा, नाहीतर मागची चाकं खोलगट जागेत उतरवा. उंची फूटभर कमी झाली की आठ फुटी फळीवर ४० किलोंपेक्षाही कमी जोर पुरतो.

फळी दोन इंच जाड आणि फूटभर रुंद हवी. बांधकामावरची जुनी सेंट्रिंगची फळी आणली तर गाठी आणि खिळ्यांची भोकं बघून घ्या, मोडते ती तिथेच. पावसाळ्यात वरून गोणपाट ठोका. फळीचं वरचं टोक हौद्याला बांधायला विसरू नका. इंजिनाच्या जोरावर चढवणाऱ्यांची फळी मागचं चाक सरळ मागे फेकतं, आणि गाडी मधल्या मध्ये खाली बसते. म्हणून इंजिन बंदच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. चढावर थांबायची वेळ आली की प्रत्येक जण पुढचा ब्रेक दाबतो. पण तोंड वर असताना वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं. पुढचं चाक जाम होऊनही फळीवरून मागे घसरतं. मागच्या ब्रेकवर पाय ठेवायला तर गाडीवर कोणी बसलेलं नसतं. त्यामुळे इंजिन बंद, पहिला गिअर आणि क्लच दाबलेला, अशी गाडी चढवा. थांबायचं असेल तेव्हा क्लच सोडा: मागचं चाक इंजिनाला जोडलं जातं आणि गाडी जागेवर राहते. डाव्या हाताची दोन बोटं हाच तुमचा मागचा ब्रेक.

हँडल धरणारा डावीकडे, दुसरा उजवीकडून सीटपाशी, तिसरा मागून. गाडी वर जाते तसं हँडलही अडीच फूट वर जातं आणि जमिनीवरच्या माणसाचे हात अपुरे पडतात. त्याच्यासाठी शेजारी दुसरी फळी किंवा भक्कम पेटी ठेवा.

वर गेल्यावर पुढचं चाक केबिनकडच्या पत्र्याला भिडवा, मध्ये जुना टायर. पट्टे रॅचेटचे, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळायचे, घ्या. नायलॉनची दोरी ताणते आणि पहिल्या चार गतिरोधकांत ढिली पडते. पट्टा हँडलच्या ग्रिपला नको, फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या दोन शॉकअपच्या) नळ्या एकत्र धरणाऱ्या खालच्या आडव्या तुकड्याला, म्हणजे खालच्या टीला टाका आणि दोन्ही बाजूंना तिरका खाली ओढा. ब्रेकचा पाइप मध्ये चेपला जात नाही ना, ते हात घालून बघा. फोर्क चार-पाच सेंटिमीटर दबला की पुरे. पार तळाला नेला तर खड्ड्यात सगळा मार ऑइल सीलवर, म्हणजे फोर्कमधलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर जातो. मागचे दोन पट्टे फक्त शेपूट सरकू नये म्हणून.

गाडी स्टँडवर उभी करून बांधायची पद्धत सर्रास आहे आणि ती चूक आहे. साइड स्टँडवर पट्टा ताणला की स्टँडचा कान, म्हणजे तो चेसीला जिथे जोडलेला असतो तो भाग, वाकतो. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी राहतं, धक्क्यासरशी गाडी पुढे उडी घेऊन स्टँडवरून उतरते आणि पट्टे लोंबतात. गाडी दोन चाकांवरच उभी हवी. मागून हलवून बघा, बाइकबरोबर टेम्पोही हलला पाहिजे. हँडल लॉक करू नका. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, घाट असेल तर पायथ्याशी.

उतरवताना शेपटीकडून, तोच गिअर, तोच क्लच, हँडल अगदी सरळ. मागचे पट्टे आधी सोडा. पुढचं रॅचेट उघडण्याआधी एकाने गाडी पक्की धरलेली असावी, कारण दबलेला फोर्क एकदम वर उसळतो आणि गाडी अजून न सोडलेल्या पट्ट्याकडे झुकते.